मागे घेतलेल्या तक्रारी

वच्छलाबाई पाच वर्षं ग्रामपंचायतीची सदस्य होती. म्हणजे बायकांसाठी राखीव झालेल्या जागेवर तिचं नाव होतं. मासिक सभेत तिच्या खुर्चीवर दीर हनुमान बसायचा आणि ठरावाचं रजिस्टर घेऊन शिपाई सहीला घरी यायचा. पिठाचे हात धुऊन, पदराला पुसून ती सही करायची. काय ठरलं हे तिनं कधी विचारलं नाही आणि कुणी आपणहून सांगितलं नाही. नेकनूरवरून आत गेल्यावर लागणाऱ्या त्या गावात यात नवल वाटावं असं काही नव्हतं.

एकदा मात्र बीडला महिला सदस्यांचं प्रशिक्षण निघालं आणि तिथं बाईच्या जागी दिराला बसता येईना. मग वच्छलाबाई गेली. जेवणात श्रीखंड होतं ते तिच्या लक्षात राहिलं, आणि एक वाक्य राहिलं. शिकवणाऱ्या बाई माहितीच्या अधिकारावर बोलत होत्या. म्हणाल्या, "अर्ज करताना माहिती कशाला पाहिजे, याचं कारण द्यावं लागत नाही. कुणी विचारलं तरी सांगू नका." वच्छलाबाईला हे भलतंच वाटलं. माहेरी जायचं तर कारण, बाजाराला जायचं तर कारण, दुपारी घटकाभर पाठ टेकली तरी सासूपुढं कारण. आणि सरकारदरबारी कारण लागत नाही!

पुढं मुदत संपली, सदस्यपद गेलं, सासूही गेली. घरात नवरा राधाकिशन, एकुलती लेक सायली आणि भिंतीपलीकडं हनुमानच्या कुटुंबाचा बारदाना. राधाकिशन थोरला, पण नावालाच. जमीन दोघांची, विहीर मात्र हनुमानच्या सातबाऱ्यावर. हनुमान पंचायत समितीवर निवडून आला होता, पुढं पडलाही, पण गाडी आणि माणसं टिकून राहिली. सारं गाव त्याला आप्पा म्हणायचं. राधाकिशनसुद्धा सख्ख्या धाकट्या भावाला आप्पाच म्हणायचा.

सायली बी.एस्सी. झाली. दोन वर्षं बीडला क्लास लावून स्पर्धा परीक्षा देत होती. थोडक्यात हुकत होती. अशात हनुमाननं स्थळ आणलं. सिरसाळ्याच्या सुंदररावांचा मुलगा अभिमन्यू, दुसऱ्या एका तालुक्यात विस्तार अधिकारी. दिसायला उजवा, बोलायला मऊ. सरकारी नोकरीतला जावई चालून आला म्हटल्यावर चौकशी करायची हिंमत कोण करतो? उलट आपलीच चौकशी नीट होऊ दे म्हणून लोक देव पाण्यात ठेवतात. अक्षय तृतीयेनंतर नेकनूरच्या मंगल कार्यालयात साखरपुडा झाला.

तिथंच, जेवणं झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी वच्छलाबाईची मावसबहीण साखराबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"वच्छे, पोराची चौकशी केली का गं?"

"आप्पांनी आणलंय स्थळ. कावून?"

"काय न्हाई." साखराबाईनं हात धुतले, पुन्हा धुतले. मग नळ चालूच ठेवून म्हणाली, "त्याच्या हपीसात एका पोरीनं त्याच्यावर तक्रार दिल्ती. लेखी. पुढं काय झालं मला ठावं न्हाई."

"कसली तक्रार?"

"पोरगी बाप्यावर कसली तक्रार देती?" तिनं मागं वळून पाहिलं. "माझं नाव घेऊ नगं बाई. बचत गटाचं माझं मानधन त्याच हपीसातून निघतंय. मी बोललेच न्हाई असं समज."

आणि ती आत गेली. नवऱ्यामुलाला, मुलीला ओवाळणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. फोटोत ती हसताना आली आहे.

वच्छलाबाईनं घरी आल्यावर राधाकिशनच्या कानावर घातलं. तो बैलाला पेंड चारत होता. "लोक जळत्यात," म्हणाला, "आप्पानं बघितलंय सगळं." तिच्याकडं न बघताच म्हणाला. हनुमानला विचारायची सोय नव्हती. साखराबाईचं नाव घ्यायचं नव्हतं. सायली तर फोनवर अभिमन्यूशी बोलण्यात दंग. अशी चारी बाजूंनी तोंडं मिटलेली असताना वच्छलाबाईला ते जुनं वाक्य आठवलं.

डोळे तपासायचं निमित्त करून ती एस.टी.नं बीडला गेली. कचेरीच्या बाहेर लिंबाखाली अर्ज टाइप करून देणारे बसतात, त्यांच्यातल्या रामप्रसाद नावाच्या माणसापुढं जाऊन बसली. त्यानं विचारत विचारत अर्ज तयार केला. अमुक विस्तार अधिकाऱ्याविरुद्ध आलेल्या तक्रारी, त्यांवरचे चौकशी अहवाल, झालेली कारवाई, या सगळ्याच्या नकला मिळाव्यात.

"मावशी, कोण लागतो ह्यो तुमचा?"

"अजून कुणी न्हाई."

"मग कशाला पायजे?"

"कारण द्यावं लागत न्हाई."

रामप्रसाद हसला. "बराबर हाय तुमचं. पण सायेब लोकांचं काम हाय. दुसऱ्या कुणाच्या नावानं टाकू का? लई लोक टाकतेत तसं."

वच्छलाबाईनं टाइप केलेला कागद आपल्याकडं ओढला. मग म्हणाली, "माझ्या नावावर पाच वरसं मी न वाचता सह्या केल्यात. ह्यो एक वाचून करते. माझंच नाव घाला."

अर्जावर दहा रुपयांचं तिकीट लागलं आणि तो अभिमन्यूच्या कचेरीला रजिस्टर पोस्टानं गेला. परत येताना बसमध्ये तिला आपण काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटत होतं. त्यानंतर रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला ती ओसरीत तांदूळ निवडत बसू लागली. उत्तर दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये, एवढीच तिची काळजी होती.

पण पोस्टमनच्या आधी अभिमन्यू आला.

भर दुपारी पांढरी गाडी दारात थांबली. राधाकिशन रानात होता, सायली क्लासला. "मामी, इकडून चाललो होतो," म्हणत तो आत आला. चहा घेतला. तब्येत विचारली, डोळे दाखवले का विचारलं. आपण डोळ्यांचं निमित्त केलं होतं हे याला कुणी सांगितलं, असं तिच्या मनात येतंय तोवर त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यापुढं ठेवला.

ज्याची माहिती मागितली, त्यालाही कचेरी नोटीस देते. त्रयस्थ पक्ष म्हणतात त्याला. बाबा, तुझ्याबद्दल अमक्यानं अमुक मागितलंय, तुझी काही हरकत? नोटिशीसोबत अर्जाची नक्कल असते आणि अर्जावर मागणाऱ्याचं नाव, गाव. प्रशिक्षणातल्या बाईंनी हे सांगितलं असेल, तर श्रीखंडानंतर सांगितलं असेल.

"मामी," अभिमन्यू म्हणाला, "मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं ना."

"मग सांगा की."

तो हसला. राग नव्हता, आवाज चढला नव्हता. "आता कसं सांगू? आता ते सरकारी झालं. मला लेखी हरकत द्यावी लागली." त्यानं कागद उचलून परत खिशात ठेवला. "काळजी करू नका. आप्पांना मी बोललो नाही. आमच्या घरीही नाही. मामांना माहीत आहे का?"

"न्हाई."

"सायलीला?"

"न्हाई."

"बरं झालं. मग हे आपल्या दोघांतच राहील. आई आहात तुम्ही, काळजी वाटणारच. माझ्या मनात काही नाही." उठताना तो वाकून पाया पडला. "फक्त दुसरा कागद करू नका. मग मला झाकता येणार नाही."

गाडी गेली. वच्छलाबाई पाटावरून उठलीच नाही. त्यानं शिवी दिली असती, दम भरला असता, तर तिनं सरळ जाऊन नवऱ्याला सांगितलं असतं. पण यानं तर उपकार केला होता. ज्या माणसाबद्दल तिला भीती होती, त्याच माणसानं आता तिचं गुपित सांभाळलं होतं. कुणाला सांगावं तर आधी हे सांगावं लागणार, की मी घरातल्या कुणाला न विचारता होणाऱ्या जावयावर अर्ज केला.

शेवटी तिनं सायलीलाच सांगितलं. क्लासवरून आल्यावर पोरगी वाळत घातलेले कपडे काढत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती चिडली, पण आवाज खालीच ठेवला.

"आई, नोकरदार माणसावर तक्रारी होतातच. आप्पांवर कमी झाल्या का? एखाद्याचं काम झालं नाही की देतात लिहून."

"पोरीनं दिली म्हणं."

"कुठली पोरगी? काय लिहिलं तिनं? तुला माहितीये?"

"तेच तर मागितलंय."

सायलीनं कपड्यांचा ढीग छातीशी धरला. "आणि आता त्याला वाटेल मीच मागायला लावलं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला इथून बाहेर पडायचंय आई. परीक्षा निघत नाही. दुसरं दार कुठलंय मला?"

महिन्याभरात उत्तर आलं. दोन ओळींचं. मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असून तिचा व्यापक जनहिताशी संबंध नाही, सबब देता येत नाही. खाली बारीक अक्षरात, समाधान नसल्यास अमुक साहेबांकडं अपील करता येईल. तक्रार आहे की नाही, एवढंही त्यात नव्हतं.

दुसरा कागद करू नका, असं अभिमन्यूनं बजावलं होतं. तिनं त्याला हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. ती पुन्हा बीडला गेली. डोळ्यांची औषधं आणायला.

अपिलाची सुनावणी अभिमन्यूच्याच तालुक्याच्या कचेरीत होती. साखराबाई आजारी आहे असं सांगून वच्छलाबाई निघाली. साखराबाईच्या गावाला ती गेलीच नाही. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसून राहिली. आत बोलावलं तेव्हा साहेबांच्या टेबलापुढं दोन खुर्च्या होत्या आणि एकीवर अभिमन्यू बसलेला होता. तो उठून उभा राहिला, तिला खुर्ची सरकवून दिली, शिपायाला म्हणाला, "मामींना पाणी आण."

साहेब वयस्कर होते, निवृत्तीला आलेले. त्यांना नातं कळलं असावं. चष्मा काढून ते म्हणाले, "बाई, मी तुमची अडचण समजू शकतो. पण एक सांगा. उद्या तुमच्या मुलीला कुणी त्रास दिला. तिनं धीर करून तक्रार लिहिली. आणि कुणीतरी दहा रुपयांचं तिकीट लावून ती तक्रार मागितली. गावभर वाचली. चालेल तुम्हाला?"

वच्छलाबाईच्या डोळ्यांपुढं ती पोरगी आली, जिचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. आपल्या हातात तिचा कागद, आपण तो वाचतोय, मग राधाकिशन वाचतोय, मग हनुमानच्या ओसरीत चारचौघं. नाही, तसं चालणार नव्हतं. पण ज्या पडद्यामागं ती पोरगी सुखरूप होती, त्याच पडद्यामागं हा बाजूच्या खुर्चीवर पाय मोकळे सोडून बसला होता.

"तिचं नाव नका सांगू," ती म्हणाली. "तिचं गाव नका सांगू. ह्यांनी काय केलं तेवढं सांगा."

साहेबांनी फाइल चाळली. मग अभिमन्यूकडं बघून म्हणाले, "संख्या आणि निकाल सांगायला तुमची हरकत नसावी."

"नाही सर. उलट बरंच आहे."

"दोन तक्रारी आहेत," साहेब म्हणाले. "दोन्ही तक्रारदारांनी मागे घेतल्या. त्यामुळे प्रकरणं निकाली. यापलीकडं मला देता येत नाही."

दोन. साखराबाईनं एकच सांगितली होती. बाहेर आल्यावर अभिमन्यूनं नेकनूरच्या फाट्यापर्यंत गाडीनं सोडतो म्हणून आग्रह केला. वच्छलाबाई नको म्हणाली. "ऐकलंत ना मामी," तो म्हणाला, "मागे घेतल्या. खऱ्या असत्या तर घेतल्या असत्या का?" यावेळी तो पाया पडला नाही.

ती घरी पोचली तर ओसरीवर हनुमान बसलेला. शेजारी राधाकिशन, खाली मान घालून. कचेरीतल्या कुणीतरी आप्पाला फोन केला होता.

"बसा वहिनी," हनुमान म्हणाला. "साखराबाईला बरं हाय का आता?"

ती उभीच राहिली.

"आवो, मला विचारायचं व्हतं की. कशाला हपीसं हिंडायलाव? मी सांगितलं असतं." त्यानं सुपारी कातरली. "दोन तक्रारी हायेत. एक लई जुनी, ती मला माहीत न्हाई. दुसरी मीच मिटवली."

वच्छलाबाईला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"कंत्राटी पोरगी व्हती कम्प्युटरवर. सुंदरराव माझ्याकडं आल्ते, पायावर डोकं ठिवलं. पोराची नोकरी जाईल म्हणले. मी पोरीच्या बापाला बोलावून घेतलं, समजावलं. तिला बीडला दुसरीकडं कामाला लावून दिलं. कुणाचं वाईट केलं न्हाई. तवापासून वळख हाय ह्या घराची." हनुमान पुढं झुकला, अगदी आपुलकीनं. "वहिनी, पोरगं आपल्याला दबून राहील. सायलीकडं वाकडं बघायची त्याची हिंमत न्हाई. दुसरीकडं दिली असती तर ह्याची काय खात्री व्हती?"

"तिनं काय लिवलं व्हतं?"

"कुणी?"

"त्या पोरीनं. तक्रारीत."

हनुमानला प्रश्नाचं खरंच आश्चर्य वाटलं. "मी कुठं वाचली? मिटवायची व्हती ती. वाचून काय करायचं?"

वच्छलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुमाला ठावं व्हतं?"

राधाकिशन मान खालीच ठेवून म्हणाला, "आप्पानं सांगितल्तं. साखरपुड्याच्या आदी."

म्हणजे पेंड चारताना तो खाली बघत होता, तो यासाठी. ज्या माहितीसाठी तिनं तिकिटं लावली, खोटी निमित्तं केली, साहेबापुढं हात जोडले, ती तिच्याच घरात होती. भिंतीच्या अलीकडंही आणि पलीकडंही. फक्त ती बाप्यांना मिळत होती.

तिनं सायलीला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. यावेळी पोरगी चिडली नाही. उंबऱ्यावर बसून राहिली. सायलीनं लग्न मोडायचं म्हटलं असतं, तर वच्छलाबाई काहीही करायला तयार होती. तसं ती बोललीही. "तू न्हाई म्हण. मी हाय."

"तू आहेस," सायली म्हणाली. "पण विहीर आप्पांची आहे. बाबा कुठं जातील?" आणि मग, "साखरपुडा मोडलेली म्हणून मला पुढं कोण विचारणार, तेही आप्पाच ठरवतील ना?"

मार्गशीर्षात लग्न झालं. जेवणावळी झाल्या, पुढारी आले, हनुमाननं फेटे वाटले. त्याच्या आठवडाभर आधी बांगड्या भरायला सगळ्या बायका बीडला गेल्या होत्या. गर्दीत वच्छलाबाई तासभर दिसेनाशी झाली. ती लिंबाखाली रामप्रसादपुढं बसली होती. वर राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील करता येतं, ते तिनं करून टाकलं. लग्न थांबणार नव्हतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. मग कशाला? रामप्रसादनं विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी तिला कारण देता आलं नसतं.

सायली नांदायला गेली. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचं भाड्याचं घर, अधूनमधून सिरसाळा. फोनवर ती बरी असायची. जेवले, झोपले, ऊन फार आहे, भाजी महाग झाली. वच्छलाबाई कान देऊन ऐकायची, पण पोरीच्या आवाजाला कुठं चीर गेलेली सापडायची नाही. तेच तिला खटकायचं. लहानपणापासून सायली फोनवर बडबडी होती, मध्येच ओरडायची, मध्येच हसायची. आता ती वाचून दाखवल्यासारखी बोलायची.

पावसाळा सरता सरता एका सकाळी तिचा फोन आला. आवाज लांबून, मोकळ्या खोलीत घुमल्यासारखा येत होता. फोन कुठंतरी ठेवून दोघं ऐकत असले की असा येतो.

"आई, तू वर अपील केलंयस का?"

आयोगाकडून कचेरीला पत्र गेलं होतं. कचेरीतून अभिमन्यूला कळलं होतं. वच्छलाबाई हो म्हणाली.

"मागे घे ते. चांगलं दिसत नाही. आता ते तुझे जावई आहेत." मग जरा थांबून, "मीच सांगतेय. मला कुणी सांगायला लावलं नाही."

न विचारताच तिनं हे सांगितलं. "बरं," वच्छलाबाई म्हणाली. "दिवाळीला ये. मग बघू."

दिवाळसणाला सायली आली. पाडव्याला अभिमन्यू न्यायला येणार होता. घरात माणसांची वर्दळ होती, हनुमानच्या सुना, पोरंसोरं. दोघींना बोलायला जागा मिळेना. शेवटी फराळाचे डबे घासायच्या निमित्तानं दोघी मागच्या हौदापाशी बसल्या. सायलीच्या अंगावर कुठं वळ नव्हता. न्हाऊ घालताना वच्छलाबाईनं पाठ, दंड सगळं बघून घेतलं होतं, आणि बघताना तिला स्वतःचीच लाज वाटली होती.

"मारतो का?" तरी तिनं विचारलंच.

"नाही."

"बोलतो का?"

"नाही." सायली राखेनं डबा घासत राहिली. "तो ओरडतसुद्धा नाही, आई. तो माफ करतो. रोज. क्लासमधल्या एका मुलाचा मेसेज आला होता. पुस्तकाबद्दल. त्यानं बघितला. म्हणाला, मी घरी कुणाला सांगणार नाही, आपल्या दोघांतच राहील. भाजीवाल्याशी हसले तर तेही आपल्या दोघांत. तू अर्ज केलेलास तेही. किती गोष्टी झाल्यात त्याच्याकडं माझ्या. मी काहीच केलेलं नाही आणि मला सारखं वाटतं, हा बोलला तर?"

वच्छलाबाईला भर दुपारची पांढरी गाडी आठवली नाही असं कसं होईल? तिनं दुसरा डबा पुढं ओढला.

"उद्या तो तुला विचारेल," सायली खालच्या आवाजात म्हणाली. "मागे घेतलं म्हणून सांग. सगळ्यांना तसंच सांग."

"आन् खरं?"

"खरं घेऊ नको." डबा हौदाच्या पाण्यात बुडला, त्याचा आवाज होईपर्यंत ती थांबली. "तिनं काय लिहिलं होतं ते मला वाचायचंय. नाव नको. फक्त तिला काय झालं ते. मला कळू तरी दे, की हे मलाच होतंय की..." पुढचं वाक्य तिनं सोडून दिलं, कारण हनुमानची सून पाण्याला आली होती.

दुसऱ्या दिवशी अभिमन्यू आला. ओवाळून झालं, जेवण झालं, सासऱ्यानं टॉवेल-टोपी दिली. निघताना तो वच्छलाबाईच्या पाया पडला. तिनं डोक्यावर हात ठेवला. त्याच्या केसांना तेलाचा मंद वास होता.

"मामी, ते प्रकरण मिटलं ना?"

ओसरीवर हनुमान होता, राधाकिशन होता. सगळेच ऐकत होते.

"मिटलं," वच्छलाबाई म्हणाली. "घेतलं मागं."

"शाणं काम केलं वहिनी," हनुमान म्हणाला.

सायली गाडीत पुढं बसली होती. तिनं काच खाली केली नाही.

अपील जागेवर आहे. रामप्रसाद म्हणतो, वर ढिगानं पडलेत, तारीख लागायला वर्ष जाईल, दोनही जातील. आणि लागली की नोटीस एकाच दिवशी दोन्हीकडं निघेल, इकडं वच्छलाबाईला आणि तिकडं कचेरीत, म्हणजे जावयाच्या हातात. त्याची कचेरी पोस्टाला जवळ आहे. गावात टपाल उशिरा येतं. तारीख कळायच्या आत पोरीला घरी आणून ठेवायची, एवढंच तिनं मनाशी धरलंय. पण कुठल्या निमित्तानं आणायची, आणि आणल्यावर राधाकिशन दार उघडं ठेवील का, हे तिला अजून सुचलेलं नाही. एक निमित्त रोज ती मनात तयार करते. दुसऱ्या दिवशी तेच तिला कच्चं वाटतं.